चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं

पुरुषाला आजार निवडायची संधी मिळाली तर त्याने डोळे मिटून कंबर निवडावी, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे. कंबर हा अब्रूदार अवयव आहे. पोट दुखलं तर लोक काय खाल्लं विचारतात, यकृत बिघडलं तर काय प्यायलात विचारतात. कंबर दुखली तर मात्र कुणी काही विचारत नाही. सरळ उठून खुर्ची देतात. कारण कंबर दुखते याचा अर्थ माणसाने काहीतरी उचललं, कुणाचा तरी भार वाहिला. मूळव्याधीलाही आमच्या कारखान्यात बरा मान आहे, पण ती बसून सांगता येत नाही.

मला झालं होतं ते भलतंच. मला रडू येत होतं.

बरं, त्याला काही कारण असावं की नाही? नेरूळच्या मंडईत भाजीवाल्या मावशींनी मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर फुकट टाकली आणि माझे डोळे भरून आले. मावशी घाबरल्या, त्यांनी दोन मिरच्याही टाकल्या. त्यामुळे जास्तच रडू आलं. टीव्हीवर मिक्सरची जाहिरात लागली, तिच्यात सून सासूला चटणी वाढते, तर माझ्या तोंडून चक्क हुंदका बाहेर पडला. माझी बायको राजश्री शेजारी शेंगा सोलत होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मिक्सर आहे तो."

झोप मार्चमध्येच गेली होती. जेवण बेचव लागत होतं. कधीकधी वाटायचं, उद्या सकाळी उठलोच नाही तर किती कटकटी वाचतील. हे मी कुणाला बोललो नव्हतो. कसा बोलणार? माझं नाव संघर्ष आहे, संघर्ष तांबे. वडील चळवळीतले. चिपळूणजवळच्या आमच्या बौद्धवाडीने ज्या वर्षी भांडून पाण्याचा नळ मिळवला त्या वर्षी माझा जन्म, म्हणून हे नाव. ज्याच्या बारशामागे एवढं आंदोलन आहे त्याने कोथिंबिरीवरून रडावं, हे शोभत नाही.

तरी मी चालवून नेलं असतं. पुरुष अशा गोष्टी चालवूनच नेतो. माझ्या वडिलांनी चालवल्या, आजोबांनी चालवल्या, आणि दोघेही पन्नाशीत अचानक गेले तेव्हा लोक म्हणाले, कधी हूं की चूं केलं नाही माणसाने. पण एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली. नवी मुंबईत पावणे गावाजवळच्या एका केमिकल कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. कुठल्या ड्रमात काय आहे याची चिठ्ठी माझ्या सहीने लागते. त्या दिवशी मी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि ॲसिडचा ड्रम भलत्याच नावाने वर प्लान्टमध्ये गेला. ऑपरेटरने झाकण उघडताना वासावरून ओळखलं म्हणून वाचला. तो खाली येऊन हसत म्हणाला, "काय तांबेसाहेब, वहिनींबरोबर भांडन झालं काय?" मीही हसलो. मग बेसिनपाशी जाऊन वीस मिनिटं हात धुतले. त्या ऑपरेटरला सर्दी झालेली असती तर काय झालं असतं, हे स्टोअरवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे मात्र मी राजश्रीला सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी नेरूळमधल्या डॉक्टर सुचिता नावाच्या मानसोपचारवाल्या बाईंची वेळ घेतली, शनिवारी साडेअकरा. मी अट घातली की हे कुणालाही कळता कामा नये. कुणालाही म्हणजे तुझ्या आईलाही.

"आईनेच नंबर दिलाय," राजश्री म्हणाली.

आमच्या सासूबाई सुंदराबाई दोन वर्षं दर महिन्याला कुठेतरी जात आणि येताना जिलेबी आणत. मी समजत होतो, महिला मंडळाची मीटिंग असते.

असो. तर माझा बेत एवढाच होता: एका शनिवारी दोन तास बाहेर पडायचं, त्या बाईंना भेटायचं, बरं होऊन परत यायचं. पण शनिवारी आमचा कारखाना चालू असतो आणि शिफ्टमध्ये बाहेर पडायला गेट पास लागतो. गेट पासवर 'कारण' असा रकाना आहे. मी 'वैयक्तिक' असं लिहिलं. टाइम ऑफिसने परत पाठवला. वैयक्तिक चालत नाही, तपशील द्या. मी आधीच्या पासांवर नजर टाकली. हर्निया होता, मूळव्याध होती, एकाचे सासरे एका वर्षात तीनदा वारले होते. सगळे पास मंजूर. 'रडू येतं' असा एकही पास नव्हता. मी 'कंबर' लिहिलं.

हीच ती चूक. केमिकल कारखान्यात कंबर हा शब्द एकट्याने फिरत नाही, त्याच्या मागे 'ड्रम' हा शब्द येतोच. टाइम ऑफिसने पास सेफ्टी ऑफिसरकडे पाठवला. सेफ्टी ऑफिसर म्हणजे रूपेश, तिशीचा मुलगा, हेल्मेट घालूनच जन्माला आल्यासारखा. आमच्या गेटवर एक पाटी आहे, 'अपघाताविना दिवस', आणि तिच्यावर रोज आकडा बदलतो. त्या दिवशी चारशे बारा होता. पाचशे झाले की प्रत्येकाला जाकीट मिळणार होतं.

"तांबे सर," रूपेश म्हणाला, "ड्रम उचलताना झालं का? तसं असेल तर आकडा शून्यावर न्यावा लागेल."

त्याच्या केबिनच्या काचेला बाहेरून दहाबारा चेहरे लागले होते. नवी मुंबईत जाकीट घालायचे दिवस वर्षाला चार, पण फुकटच्या जाकिटाला हवामान लागत नाही. मी घाईघाईने म्हणालो की छे, घरी झालं, जिन्यात, सिलेंडर उचलताना.

"मग तसं लेखी द्या. घराच्या ठिकाणचे दोन साक्षीदार आणि सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र."

हा जबाब पुरा होईपर्यंत दुपारचे दोन वाजले. डॉक्टरीणबाईंची वेळ टळून गेली होती. पण परतताना ज्या माणसांनी मला कधी नीट नमस्कार केला नव्हता त्यांनी माझ्या हातातली फाइल काढून घेतली. एकाने पाण्याची बाटली भरून दिली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मार्चपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी आजारी माणसासारखं वागत होतं, आणि तेही माझी अब्रू शाबूत ठेवून.

लेटरहेड आमचे सेक्रेटरी शिवरामकाका खरात यांच्या कपाटात असतं. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले; कचेरी सुटली, टिपणी सुटली नाही. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"जिन्यातून? म्हणजे लिफ्ट बंद असताना?"

मी बेसावधपणे हो म्हणालो. काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. आमची लिफ्ट आठ महिने आजारी आहे आणि लिफ्ट कंपनीला काका अठरा पत्रं लिहून चुकले आहेत. कंपनीचं एकच उत्तर असे, कुणाला इजा झाली आहे काय? आजवर कुणाला झाली नव्हती. आता चौथ्या मजल्यावरच्या मला झाली होती.

काकांनी मसुदा करायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. "सिलेंडर नको. आपल्याकडे पाइपचा गॅस येऊन चार वर्षं झाली. तांदळाचं पोतं करू. किती किलोचं?"

"पंचवीस."

"पन्नास बरं दिसतं," काका म्हणाले, आणि लिहिलं.

पन्नास खरंच बरं दिसलं. दोन दिवसांत बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की तांब्यांनी पन्नास किलोचं पोतं एकट्याने चार मजले चढवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला ऐकवलं, तुमच्याच्याने पाच किलो पीठ आणवत नाही. मग सल्ले आले. एकाने मोहरीचं तेल सांगितलं, एकाने विटेचा शेक. एकाने फळीवर झोपायला सांगितलं आणि फळी आणूनही दिली. काकांनी आपला जुना कमरेचा पट्टा दिला, तपकिरी, बामाच्या वासाचा, आणि बजावलं की पत्राचा निकाल लागेपर्यंत काढायचा नाही. मी पट्ट्यात कारखान्याला जाऊ लागलो. एकूण तेवीस जणांनी माझ्या कमरेची चौकशी केली. तेविसांपैकी एकानेही, तांबे, तुझे डोळे असे का सुजलेत, असं विचारलं नाही. म्हणजे दिसत नव्हतं अशातला भाग नाही. दिसलं की लोक पट्ट्याकडे बघत.

दुसऱ्या शनिवारी मी सुट्टीच टाकली, म्हटलं गेट पासची भानगड नको. सव्वाअकराला पायात चप्पल घातली आणि दार उघडलं, तर दारात काका, लिफ्ट कंपनीचा इन्स्पेक्टर आणि खरोखरचं पन्नास किलोचं पोतं.

"घटनास्थळाची पाहणी," काका म्हणाले. "पाच मिनिटं लागतील."

इन्स्पेक्टरने कुठल्या पायरीवर चमक भरली ते विचारलं. मी अंदाजाने एक पायरी दाखवली. मग फोटो. काका म्हणाले, नुसतं उचलल्यासारखं करा. इन्स्पेक्टर म्हणाला, उचलल्यासारखं केलेलं वर ऑफिसात ओळखतात. एवढ्यात चेअरमन गोटीरामदादा मढवी वर आले. गोटीरामदादा इथल्या मूळ गावातले. गावातलं घर भाड्याने देऊन तळमजल्यावर राहतात. अंगठीएवढ्या जाड कड्यांची चेन, भरदार देह, आणि सोसायटीत भांडण झालं तर नुसते येऊन उभे राहतात तेवढ्याने मिटतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ कुंदन मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्या दिवशी गोटीरामदादांनी मंडप उभारण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं स्वतः पाहिलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक अजून कौतुकाने सांगतात. काळीज असावं तर असं. मीसुद्धा चारदोनदा सांगितलं आहे.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "उचल रं. मर्दाची जात आपली."

आता मर्दाची जात म्हटल्यावर इलाज नसतो. मी उचललं. फोटो चांगला आला. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर 'आमचे धडाडीचे सभासद' अशा मथळ्याखाली होता आणि त्याखाली एकोणचाळीस अंगठे होते. साडेअकराची वेळ अर्थातच त्या पोत्याखाली गेली.

राजश्रीने तो फोटो बराच वेळ पाहिला. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"क्लिनिकमधून फोन आला होता," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आला नाहीत तर नाव काढणार. मग पुढची तारीख ऑगस्टची."

मी म्हणालो, ऑगस्ट काय लांब आहे?

"तोवर अजून किती ड्रम वर पाठवाल? आणि त्या माणसाला सर्दी झाली तर?"

त्या आठवड्यात मी प्रत्येक चिठ्ठी पाच वेळा वाचत होतो आणि सहाव्यांदा वाचायला गोदामात परत जात होतो. मला भीती वाटत होती. सरळ सांगतो, पुष्कळ भीती वाटत होती. पट्ट्यामुळे ती दिसत नव्हती एवढंच.

तिसऱ्या शनिवारी मी पुन्हा सुट्टी टाकली होती. पहाटे, म्हणजे माझ्या हिशेबाने पहाटे, सात वाजता गोटीरामदादांनी बेल वाजवली. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यावी, हे तुम्हाला ठाऊक असेल. जो आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आला तो पायाळू. त्याचा पाय कमरेला लागला की धरलेली शीर सुटते. जासईला भैरूबुवा म्हणून एक नामांकित पायाळू आहेत आणि ते फक्त शनिवारी बसतात. दादांनी माझा नंबर लावून ठेवला होता.

"दादा, मला साडेअकराला एक काम आहे."

"दहाला आनून सोरतो. बस गारीन."

आगरी माणसाच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, आणि त्याचं प्रेम हे आमंत्रण नसतं, हुकूम असतो. राजश्री दारात उभी होती. ती एकच वाक्य बोलली, "साडेअकरा," आणि आत गेली.

जासईच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर नेहमीप्रमाणे मुक्कामालाच आले होते. भैरूबुवांच्या अंगणात पोचेपर्यंत नऊ वाजले आणि पुढे चौदा माणसं. सगळे पुरुष. चांगले सुशिक्षित, दोघांच्या गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. लाथ खायला पुरुषांची अशी शिस्तबद्ध रांग मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एकेकजण बनियनवर चटईवर पालथा पडे. सत्तरीचे, मिठागरात जन्म गेलेले भैरूबुवा खांबाला धरून त्याच्या कमरेवर टाच ठेवत आणि तो इसम असा विव्हळे की कोंबड्या उडत. 'आई गं', 'मेलो रे'. एक ट्रेलरचा मिशीवाला ड्रायव्हर तर हमसून हमसून रडला. आणि रांगेतल्या एकानेही तोंड वाकडं केलं नाही. उलट लोक समाधानाने माना हलवत म्हणत होते, निघू दे, निघू दे. मला ते दृश्य बघून एकदम हेवा वाटला. इथे परवानगी होती.

माझा नंबर आला. मी पट्टा काढून पालथा झालो. टाच लागली. पहिला आवाज मी शिस्तीत काढला, दुसरा आपोआप निघाला, आणि मग धरणच फुटलं. कोथिंबीर, मिक्सर, ड्रम, कधी हूं की चूं न केलेले माझे वडील, सगळं त्या चटईवर आलं. रांगेतून आवाज आले, "जुनी शीर हाय वाटतं," "जोर काढा बुवा." मला कळलं की टाच केव्हाच उचलली गेली आहे आणि मी रडतोच आहे.

भैरूबुवा वाकून माझी कंबर बोटांनी चाचपत होते. त्यांनी दोनदा चाचपली. मग सरळ उभे राहून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याचे कमरेला काय पन नाय."

रांगेतल्या माना हलायच्या थांबल्या.

"कमर चांगली हाय याची. शीर सरकल्याबिगर मी लाथ मारत नाय कोनाला. मंग हा ररतो कशाला?" त्यांनी गोटीरामदादांना विचारलं. "उठव याला. मागं लोका थांबल्यात. फुकट ररायचं आसंल तर घरी ररावं."

तो मिशीवाला ड्रायव्हर डोळे पुसत माझ्याकडे असा बघत होता, जसा तिकीटवाला प्रवासी विनातिकीटवाल्याकडे बघतो. मी शर्ट उलटा घातला आणि गाडीत जाऊन बसलो. इतकी बेअब्रू माझी आयुष्यात झाली नव्हती. निरोगी म्हणून हाकलला गेलेला मी त्या अंगणातला पहिलाच रुग्ण असावा.

गोटीरामदादा गाडी चालवत होते. जासई मागे पडली. मग म्हणाले, "पोता?"

"उचललंच नव्हतं."

"आनि कमर?"

मग मी सांगून टाकलं. त्या अंगणानंतर काही नवीन लाज शिल्लक नव्हती. मार्चपासूनची झोप सांगितली, ड्रम सांगितला, उद्या उठलोच नाही तर बरं असं वाटतं तेही सांगितलं. पुढे एक ट्रेलर आडवा होता, त्यामुळे सांगायला वेळ भरपूर मिळाला.

"येरा हायेस काय?" दादा म्हणाले. "टेन्शन कोनाला नाय? दोन पेग मारायचं, झोपायचं. गोव्याला जाव. मर्दाना असा ररून..." एवढं बोलून ते थांबले. ट्रेलर हलला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न सुरू झाले. तेव्हा त्यांनी गिअर टाकला आणि समोर बघत विचारलं, "किती वाजताची येल हाय तुजी?"

"साडेअकरा."

त्यानंतर त्यांनी गाडी जी काढली तिचं वर्णन करत नाही. वाहतूक खात्यातले लोकही वाचतात. अकरा अठ्ठावीसला आम्ही नेरूळला क्लिनिकच्या इमारतीखाली होतो आणि मला उतरता येईना. भैरूबुवांनी पाय लावला नसता तर बरं झालं असतं; त्यांच्या टाचेने माझी कंबर आता खरोखरच धरली होती. दादा म्हणाले, चल, तुला वर सोरतो आनि निंगतो.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर, दाताच्या दवाखान्याशेजारी. जिन्यात दोन गृहस्थ दाताच्या पाटीचं अत्यंत बारकाईने वाचन करत होते. आत खुर्च्यांचे दोन भाग केले होते. 'पेशंट' लिहिलेल्या बाजूला तीन बायका बसल्या होत्या आणि आपापसांत डाळीच्या भावाबद्दल बोलत होत्या. 'सोबत आलेले' लिहिलेल्या बाजूला सात पुरुष होते. कुणाबरोबर आले होते ते समजत नव्हतं, कारण त्या तीनही बायका एकेकट्या आल्या होत्या. गोटीरामदादा त्या सातांत आठवे होऊन बसले. काउंटरवरची उन्नती नावाची मुलगी म्हणाली, "तांबे ना? आज आलात. या."

आत डॉक्टर सुचितांनी विचारलं, काय होतंय? मी कमरेपासून सुरुवात केली. त्यांनी पोतं ऐकलं, पट्टा ऐकला, लिफ्ट ऐकली. बाई चिकाटीच्या होत्या. वीस मिनिटांनी म्हणाल्या, "आणि कंबर सोडून?" एवढ्या तीन शब्दांसाठी मला तीन शनिवार लागले होते. पुढचं इथे लिहीत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, दर शनिवारी यायला सांगितलं, आणि स्टोअरचं काम थोडे दिवस दुसऱ्याकडे द्यायला पाहिजे हेही स्पष्ट सांगितलं. त्यासाठी पत्र लागेल, आणि पत्रावर कारण खरं असेल, म्हणाल्या. मी हो म्हणालो. तोंडून निघून गेलं.

बाहेर आलो तर दादा गेले नव्हते. ते काउंटरवर कोपरं टेकून हळू आवाजात बोलत होते. गोटीरामदादांचा हळू आवाज जिन्यापर्यंत जातो. सातही सोबती जमिनीकडे बघत कान देऊन ऐकत होते.

"पेशंटचं नाव?" उन्नतीने विचारलं.

"पुतळा गोटीराम मढवी. आमची मंडळी."

"काय त्रास आहे त्यांना?"

"तरास काय नाय. झोप नाय लागत. पहाटंची उठते आनि गारीन जाऊन बसते एकलीच, काचा वर करून. मोबाइलन भावाचं बोलनं भरून ठेवलेला हाय, जुना, ता आयकते. दोन वर्सां झाली."

"त्यांच्या भावाचं?"

"हां. म्हंजे दिराचं. कुंदनचं."

"गाडी चालवता येते का त्यांना?"

"नाय. चावी माझेच जवल आसते."

उन्नतीने लिहिलं. "ठीक आहे. पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन या."

"तिला कशाला आनू?" दादा म्हणाले. "ती बरी हाय."

उन्नतीचं पेन थांबलं. तिने नाव खोडलं नाही, काही नाही. फक्त पुढचा रकाना विचारला, "वय?"

"तिचा?"

"तुमचं."

गोटीरामदादांनी चेन एकदा शर्टाच्या आत टाकली, परत बाहेर काढली. "त्रेपन्न."

"साडेबाराचे आले नाहीत," उन्नती म्हणाली. "ते कधीच येत नाहीत. तुम्ही जा आत."

दादा दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जाव नको तू. हितंच बस. कोन वलखीचा आला तं सांग, तुज्या कमरेसाठी आलोय." मग गेले. दार बंद झालं.

मी कण्हत त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते.

"कंबर का हो?" त्यांनी विचारलं.

"ती आजच धरलीय," मी म्हणालो. "मी आलोय ते मला रडू येतं म्हणून."

ते जरा बाजूला सरकले. मासिकाची चार पानं उलटली. त्या चारही पानांवर त्यांचं लक्ष नव्हतं. मग मासिक मांडीवर ठेवून, दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "आत गेल्यावर बाई पहिलं काय विचारतात?"